नऊ टोले

शेजारच्या म्हातारीने शिडीच्या टोकावरून स्वतःच्या छातीवर आडवा हात धरून मला दाखवलं. इथपर्यंत. मका तिच्या नवऱ्याच्या छातीपर्यंत आला होता आणि तो पत्र्याच्या कणगीत उभाच्या उभा गाडला गेला होता.

कणगी म्हणजे आपल्याकडची बांबूची नव्हे. दोन मजली घरापेक्षा उंच, गोल, पत्र्याची, वर टोपीसारखं छप्पर आणि छपराला माणूस आत उतरेल एवढं झाकण. खालचं यंत्र चालू केलं की मका बाहेर पडतो. गेल्या सालचा मका ओलसर राहून आत त्याचे गठ्ठे झाले होते. खाली येईना, म्हणून हा सत्तरी ओलांडलेला माणूस यंत्र चालू ठेवून, कमरेला दोर बांधून, काठी घेऊन आत उतरला. काठीने ढोसलं, गठ्ठा सुटला आणि पायाखालचा मका पाण्यासारखा वाहिला. त्याची हाक ऐकून बायकोने यंत्र बंद केलं, म्हणून तो छातीवर तरी थांबला. पण एका बाजूला मक्याची भिंत अजून उभी होती. ती पडली असती तर प्रश्नच मिटला असता.

फोन त्याच्या खिशात होता आणि खिसा मक्याखाली. घरातला तारेचा फोन त्यांच्या मुलाने, दोन बिलं कशाला, म्हणून काढून टाकला होता. माझा फोन आमच्या घरी चार्जिंगला, आणि घर चर्चपेक्षा लांब. म्हातारी शिडी सोडायला तयार नव्हती. तिने रस्त्यापलीकडच्या चर्चकडे बोट केलं आणि दोन्ही हातांनी हवेत दोर ओढून दाखवला. मी निघाले. पळाले म्हणणार नाही. माझ्या गुडघ्यांचं पळणं कधीच सुटलं होतं.

त्या गावात आम्ही सहा वर्षं राहिलो. अमेरिकेत ओहायोतलं गाव, चारी बाजूंना मका आणि सोयाबीन. मुलाची नोकरी डब्लिनला, ओहायोतल्याच शहरात. तिथे घरं महाग, म्हणून त्याने तासाभराच्या अंतरावर मोठ्या अंगणाचं जुनं घर घेतलं. सून रोज कुरकुरायची, "अरे यार, साधी कोथिंबीर आणायला हायवेवरून ड्राइव्ह करायचं?" मला मात्र तिथे बरं वाटलं. शेणाचा वास होता. माणसं आभाळाकडे बघून बोलत होती.

गाव जर्मन प्रोटेस्टंट लोकांनी वसवलेलं. शेजारणीच्या पणज्याच्या बापाच्या वेळी तिथे दलदलीचं रान होतं. त्या लोकांनी झाडं तोडली, चर खणले, मातीच्या भाजलेल्या नळ्या जमिनीखाली पुरून पाणी काढून दिलं, तेव्हा कुठे शेत झालं. अजून नांगराला त्या नळ्यांचे तुकडे लागतात. तिच्या परसात तसल्या तुकड्यांची वाफ्याला कड होती. दफनभूमीतले जुने दगड जर्मन अक्षरांतले आणि आडनावं फिरून फिरून तीच. पूर्वी चर्चमधलं प्रवचनही जर्मनमध्ये असे. मग जर्मनीशी लढाई झाली आणि लोकांनी घाबरून इंग्रजी धरलं. घरात, गोठ्यात मात्र जुनी बोली राहिली. शेजारीण आईशी तीच बोलायची. आई गेल्यावर नवरा आणि गावातली चार माणसं सोडली तर ती बोलायला कोणी उरलं नाही, असं तिने माझ्या नातीला सांगितलं आणि नातीने मला.

आमचं बोलणं नातीमार्फत, नाहीतर हातांनी. मी चौथी शिकलेली, इंग्रजी नाही. नात मला "आज्जी" म्हणते हे ऐकून शेजारीणही आज्जी म्हणू लागली. मग अख्खं गाव म्हणू लागलं. ते माझं नाव आहे असंच त्यांना वाटे. मी सुधारलं नाही. पोस्टमनसुद्धा आज्जी म्हणायचा. तो माझ्याहून मोठा असेल.

भाषा नव्हती तरी काम होतं. ती मला टोमॅटो बाटल्यांत भरायला शिकवायची, मी तिला लिंबाचं लोणचं घालून दिलं. तिने ते डुकराच्या मांसाबरोबर खाल्लं. मी म्हटलं, खा बाई, लोणच्याला धर्म नसतो. सप्टेंबरात त्यांच्याकडे कोबी खारवतात. लाकडी फळीला पातं बसवलेली लांब किसणी असते, तिच्यावर गड्डे किसायचे, मीठ लावून चिनीमातीच्या मोठ्या बरणीत मुसळासारख्या दांड्याने चेचायचे, वर बशी आणि बशीवर दगड. तो दगड तिच्या आजीचा. आमच्याकडेही वरवंटा सासूकडून सुनेकडे जातो, त्यामुळे मला त्यात नवल वाटलं नाही.

त्या शनिवारी आमच्या घरची सगळी गणपतीच्या कार्यक्रमाला डब्लिनला गेली होती. मुलगा म्हणाला, "आई, चल ना, आरतीला सगळे भेटतील." मी म्हटलं, गणपती पुढच्या वर्षी येतो, कोबी थांबत नाही. म्हणून मी शेजारणीच्या अंगणात होते, हातात अर्धा गड्डा, आणि म्हणून मी त्या चर्चच्या दारात पोचले.

दार उघडंच असे. आत लाकडाचा आणि मेणाचा वास. दोर कोपऱ्यात, मधोमध हात लागून काळा पडलेला. मी पदर खोचला आणि ओढला. काहीच झालं नाही. मग सगळं अंग टाकून लोंबकळले, तेव्हा वर घंटा एकदाच दणकन वाजली. दोर वर गेला, मलाही चवड्यांवर उचलून गेला. तो परत खाली यायची वाट बघायची, धरायचा, लोंबकळायचं. एक टोला, मग बराच वेळ काही नाही, मग दुसरा. देवळातली घंटा मी जन्मभर वाजवली, ती बोटाने हलते. ही बैलाला आवरावं तशी आवरावी लागत होती. खांद्यातून कळ निघाली तेव्हा मी सोडली आणि दारात येऊन बघितलं.

समोरच्या शेतात एक जण ट्रॅक्टर थांबवून खाली उतरला होता. टोपी काढून छातीशी धरून मान खाली घालून उभा. रस्त्यावर एक गाडी कडेला लागली होती, तिच्यातलाही माणूस उतरून तसाच उभा.

मी ओरडले, "अरे मुडद्यांनो, उभे काय राहिलात! माणूस मरतोय तिकडे!" मराठीत ओरडले. दुसरं येत नव्हतं. ट्रॅक्टरवाल्याने मान आणखी खाली घातली.

लहानपणी आमच्या गावात धान्याची पेवं होती, जमिनीत खणलेली. पेवात माणूस सोडण्याआधी कंदील सोडायचे. विझला तर आत हवा वाईट. माझा चुलता कंदिलाची वाट न बघता उतरला होता. त्याला वर काढलं तेव्हा ओठ जांभळाच्या रंगाचे होते. ते तोंड मला त्या दारात उभी असताना दिसलं. मी परत आत वळले, पण हात वर जाईनात.

तेवढ्यात बायका आल्या. आधी एक, अनवाणी, हाताला पीठ. मग कोपऱ्यावरच्या घरातली, ओल्या केसांची. मग एकदम चार-पाच, कोणी गाडीतून, कोणी गवतातून. प्रत्येक बाई एकेका पोराचं नाव घेऊन हाका मारत होती. एकीने माझे खांदे धरून मला गदागदा हलवलं. "हू? आज्जी, हू?" एवढं इंग्रजी मला कळत होतं. कोण? मी तिचा हात धरून तिला वळवलं आणि कणगीकडे बोट दाखवलं. वर छपरावर म्हातारी बसलेली, झाकणात डोकं घालून.

ती बाई मटकन खाली बसली आणि रडायला लागली. रडताना हसत होती. मला वाटलं, वेडी आहे. मग तिने ट्रॅक्टरवाल्याकडे बघून अशी किंकाळी मारली की त्याच्या हातातली टोपी पडली.

मग मात्र ती माणसं हलली. गावाचा आगीचा बंब गावातलीच माणसं चालवतात, पगार न घेता. टोपी काढून उभा होता तोच त्यांचा मुख्य. त्यांनी वाकवलेले पत्रे आत नेले, म्हाताऱ्याभोवती खोचून विहिरीसारखा गोल केला, म्हणजे भिंत पडली तरी त्याच्यावर येणार नाही, आणि मोठ्या नळीने गोलातला मका ओढायला लागले.

वेळ लागला. बायकांना आत कोणी घेईना. कोबी तसाच पडला होता, अर्धा किसलेला. मी किसणीशी जाऊन बसले. थोड्या वेळाने ती अनवाणी बाई आली आणि मीठ लावू लागली, मग दुसरी चेचायला बसली. वरून म्हातारीचा आवाज येत होता, ठणठणीत, न थांबता, त्या जुन्या बोलीत. मला वाटलं देवाचं काही म्हणते आहे. चेचणारी बाई खुदकन हसली. नात संध्याकाळी आल्यावर कळलं. म्हातारी त्याला सांगत होती, "झोपलास तर बघ. तू मेलास तर मी पलीकडच्या गावच्या कॅथलिकाशी लग्न करीन, आणि तुझा ट्रॅक्टर त्याला देईन."

बरणीवर दगड ठेवला तेव्हा त्याला बाहेर आणलं. चेहरा धुळीने पिवळा, एक बूट आतच राहिलेला. अँब्युलन्समध्ये घालताना त्याने बायकोला काहीतरी म्हटलं. तेही नातीनेच नंतर सांगितलं, "ही सेड, नॉट द ट्रॅक्टर."

रीत मला त्या संध्याकाळी नातीकडूनच समजली. घंटा भराभर वाजली तर आग, मदतीला या. एकेक टोला सावकाश पडला तर कोणी गेलं. हातातलं काम टाकून उभं राहायचं आणि टोले मोजायचे. जितके टोले तितकं गेलेल्या माणसाचं वय. माणसं टोपी काढून उभी राहतात हे मी पाहिलं होतं, मोजतात हे माहीत नव्हतं. मी नऊ वाजवले आणि माझे हात गळले. नऊ वर्षांचं मूल गेलं, असं गावाने ऐकलं. आणि शनिवार होता, पोरं सायकली घेऊन कुठे कुठे गेलेली.

त्या आयांचं काय झालं असेल हे मला कोणी सांगायला नको होतं. मी दोन दिवस घराबाहेर पडले नाही. तिसऱ्या दिवशी ती अनवाणी बाई पाय झाकून आली, हातात केक. तिच्यामागे तिचा मुलगा, नऊ वर्षांचा. त्याने मला वर-खाली बघितलं आणि आईला विचारलं, "मला मारलं ते हिने का?"

म्हातारा दवाखान्यातून घरी आला तो चेष्टा घेऊनच. माझ्याकडे बघून म्हणाला, "आज्जीने मला नऊचा केला. आता मी शाळेत जाणार." त्या नाताळात त्याचा वाढदिवस आला तेव्हा केकवर दहाच मेणबत्त्या होत्या. चर्चमध्ये मी दिसले की कोणी ना कोणी दोराच्या आणि माझ्या मध्ये उभा राहायचा आणि सगळे हसायचे. मीही हसायचे. चिडवलं म्हणजे आपलं धरलं, एवढं कळायला भाषा लागत नाही.

आता आम्ही डब्लिनला राहतो. कोथिंबीर जवळ आहे. गवत सगळ्यांचं सारखं कापलेलं, आणि कोण कधी गेलं ते फोनवर कळतं. दुपारी बाराला त्या गावची घंटा व्हायची त्या वेळी मी अजून हातातलं काम थांबवते. सून म्हणते, "आई, काय झालं?" मी म्हणते, काही नाही.

शेजारीण त्या कोबीनंतरच्याच हिवाळ्यात गेली, फेब्रुवारीत, झोपेत. घंटा त्या ट्रॅक्टरवाल्याने वाजवली. मी स्वयंपाकघराच्या खिडकीशी उभी राहून टोले मोजले. चर्चच्या तळघरात जेवण होतं तेव्हा कोणीतरी ती सप्टेंबरातली बरणी उघडून आणली होती. कोबी चांगला आंबला होता, मीठ बरोबर पडलं होतं. म्हाताऱ्याने दोनदा वाढून घेतला.

कणगीत गाडला गेला होता तो जगला, अजून आहे. छपरावर बसून त्याला जागं ठेवणारी नाही.