सोंड बाहेर येईपर्यंत

डिलाईल रोडच्या आमच्या खोलीत मासळी आली की तिची आतडी माझी. मी एम.एस्सी.ला होते आणि माशांच्या आतड्यात राहणाऱ्या काटेरी डोक्याच्या कृमींवर प्रबंध लिहीत होते. आईला त्या सगळ्याची किळस यायची. दादा गिरणीत साच्यावर कापड विणायचा, घर त्याच्याच पगारावर चालायचं. सुट्टीच्या दिवशी तो शिंगाळा आणून स्वतः साफ करायचा आणि आतडी माझ्या वाटीत टाकायचा.

"ह्याचा तोंड खंय गो?" एकदा एक कृमी बोटावर घेऊन त्याने विचारलं.

"तोंड नाही आणि पोटही नाही. माशाच्या आतड्यात काटे रुतवून बसतो आणि सगळं अंगानेच शोषून घेतो."

"म्हंजे आमचो शेटजीच म्हण की!"

या कृमीची जात ओळखायची ती सोंडेवरच्या काट्यांच्या रांगांवरून. जिवंत कृमी टिकवण्यासाठी थेट फॉर्मॅलिनमध्ये टाकला तर तो सोंड आत ओढून घेतो. मग कसलं कूळ आणि कसलं गोत्र, हातात उरतो नुसता पांढरा दोरा. त्याला आधी साध्या पाण्यात ठेवावं लागतं. पाण्याने फुगला की सोंड आपसूक बाहेर येते. मी उतावळी, कितीतरी वाया घालवले. मग दादाच वाटीवर पहारा करत बसायचा. "दम धर गो, येतलो भायर."

संयुक्त महाराष्ट्राच्या मोर्च्याला दादा गेला आणि गोळी लागून तिथेच संपला. आई रडली नाही, नुसती भिंतीला टेकून बसून राहिली. मला भयंकर राग आला होता, सगळ्यांचा, त्याचासुद्धा. प्रबंध बासनात गुंडाळला आणि एका ऑफिसात टायपिस्टची जागा बघून आले.

सुतक फिटल्यावर एका सकाळी आईने बाजारातून शिंगाळा आणला. किळस करणाऱ्या त्या बाईने आतडी स्वतः चिरली आणि कृमी वेचून पाण्याच्या वाटीत ठेवले.

"ऑफिसात जाव नको. मी खानावळ घालतंय. तू ह्या पुरा कर."

मी फॉर्मॅलिनच्या बाटलीकडे हात नेला, तो तिने धरला. आम्ही दोघी वाटीपाशी बसलो. बऱ्याच वेळाने एकाची सोंड हळूहळू बाहेर आली, सगळे काटे ताठ.

"आयलो गो भायर," आई म्हणाली आणि तोंडात पदर कोंबून ओक्साबोक्शी रडायला लागली.

शिंगाळा आम्ही शेजारच्या खोलीत देऊन टाकला. आमच्याच्याने तो खाववला नसता.