निंदलेला चौकोन

नोकरीला लागलो तेव्हा मला पांढरकवडा हवं होतं; हायवेवरचं गाव, एसटी दारात. मिळालं फुलसावंगीकडचं मंडळ, म्हणजे आडबाजूच्या काही गावांचा गट. कृषी सहायकाच्या वाट्याला येणाऱ्या कामांतलं मला मनापासून आवडणारं काम एकच होतं, पीक कापणी प्रयोग. मंडळात कापूस किती पिकला हे ठरवायला प्रत्येक शेत मोजता येत नाही. म्हणून दहा शेतं चिठ्ठ्या टाकल्यासारखी निवडायची, प्रत्येकात एक चौकोन आखायचा आणि दर वेचणीला तेवढ्याच चौकोनातला कापूस तोलायचा. दहांची सरासरी ठरलेल्या आकड्याखाली आली तर मंडळातल्या सगळ्यांना पीकविम्याची भरपाई. वर गेली तर कुणालाच नाही.

कॉलेजात संख्याशास्त्र माझ्या आवडीचं होतं, त्यामुळे इथे मला फारच चेव यायचा.

त्या वर्षी एक शेत बंजाऱ्यांच्या तांड्यावर निघालं, एका म्हाताऱ्या नवराबायकोचं. नैऋत्य कोपऱ्यात उभं राहून, यादृच्छिक आकड्यांच्या तक्त्यात आलेल्या आकड्याइतकी पावलं आधी लांबीत आणि मग रुंदीत टाकली आणि थांबलो तिथे खुंटी ठोकली. म्हातारा कपाशीतून मागे मागे येत होता.

"इथंच काहून जी? तिकडं पऱ्हाटी मस्त हाये."

"आकड्याने इथे आणलं. शेतातल्या कुठल्याही जागेला सारखीच संधी असते."

"म्हंजे नशीब."

"नशीब नाही, संभाव्यता," मी म्हणालो. तो हसला आणि तंबाखू मळायला लागला. आता आठवलं की मला माझाच राग येतो.

चौकोनाला दोरी लावली आणि बजावलं, आम्ही आल्याशिवाय यातलं बोंड वेचायचं नाही. 'चौकोनाची निगा बाकी शेतासारखीच ठेवावी' असंही प्रयोगाच्या सूचना-पुस्तकात होतं. ते मी सांगितलं नाही. कुणी ती वेगळी ठेवेल, हेच मला सुचलं नव्हतं.

पुढे पावसाने खंड दिला. कापसाच्या त्या पडत्या वर्षांत हे नवं नव्हतं. पहिल्या वेचणीला गेलो तर शेत लाल पडलेलं, पऱ्हाटी गुडघ्याएवढी. आणि दोरीच्या आत हिरवंगार. निंदून साफ केलेलं, तणाची काडी नाही, झाडं कमरेला लागलेली, बोंडं टपोरी. शेजारी म्हातारी उभी होती. अख्खा तांडा तिला याडी म्हणायचा, म्हणजे आई; मीही तेच म्हणायचो.

"याडी, हे काय केलं?"

"सरकारचं काम हाये सायेब. मोठे सायेब पाहाले येतीन, त्याइले काय तन दाखवू? नाल्यावरून घागरी आनल्या. अळ्या हातानं वेचल्या."

मुलगी बघायला पाहुणे येणार म्हणून ओटा सारवावा, तसा तिने तो चौकोन राखला होता. चेहऱ्यावर कौतुकाची वाट पाहणं स्पष्ट दिसत होतं. मी कौतुक केलं. तिने भाकरी आणि ठेचा वाढला, मी जेवलो.

वजनं भरायच्या तक्त्यात शेऱ्याचा एक रकाना होता. 'चौकोनाची स्वतंत्र मशागत झालेली आढळली' एवढं लिहिलं असतं तर चौकशी झाली असती, कदाचित प्रयोग रद्द झाला असता. मी विचार केला, दहातला एक आहे, सरासरीत विरून जाईल. शिवाय न सांगितल्याची चूक माझी होती, ती वर कळली असती. रकाना कोरा ठेवला. खरं कारण दुसरंच होतं, तिची भाकरी खाऊन तिच्या मेहनतीविरुद्ध शेरा लिहवत नव्हता, हे मला तेव्हाही माहीत होतं.

उन्हाळ्यात निकाल आला. आमच्या मंडळाची सरासरी ठरलेल्या आकड्याच्या किंचित वर. भरपाई नाही.

याडीचा चौकोन सगळ्यांनी पाहिला होता. लोकांना गणित मांडायला वेळ लागला नाही. तांड्यावरच्या प्रत्येक लग्नात गाणं धरायला आधी तिला बोलावणं जायचं. त्या उन्हाळ्यात तिच्या सख्ख्या दिराच्या नातीचं लग्न तीन घरं सोडून झालं आणि तिला कुणी हाक मारली नाही. ती घरात बसून राहिली, असं म्हाताऱ्याने मला बाजारात सांगितलं. तिला भेटायला मी गेलो, तेही महिनाभराने.

ती तांदूळ निवडत होती. वर न बघता म्हणाली, "सायेब, खरं सांगजा. म्या नसतं निंदलं, तं लोकाइले भेटलं असतं का?"

उरलेल्या नऊ शेतांवरचे प्रयोग इतरांनी केले होते, त्यांचे आकडे माझ्याजवळ नव्हते. तिचा चौकोन कोरडा राहिला असता तर किती कापूस निघाला असता, हे तर कुणालाच माहीत नव्हतं. आणखी दोन शेतांतल्या चौकोनांना विहिरीचं पाणी मिळालं होतं, असंही कानावर होतं. भरपाई मिळाली असती किंवा नसती, दोन्ही शक्य होतं. मी हे सगळं तिला नीट समजावलं, सरासरीसकट, आणि शेवटी म्हणालो, "याडी, सांगता येत नाही."

तिने मान हलवली. "म्हंजे भेटलं असतं," ती म्हणाली आणि सूप घेऊन आत गेली.

मी बरोबर होतो. इतक्या वर्षांत त्या उत्तरात चूक सापडलेली नाही. पण त्या दिवशी मी सरळ 'नाही' म्हणायला हवं होतं. मला खोटं ठरवायला अख्ख्या मंडळात कुणाजवळ काहीच नव्हतं.