पाठीला नसलेली माती

मी भंडाऱ्याकडचा. आठवी अर्धी टाकून कुस्ती शिकायला लातूरला आलो, तालमीत राहिलो आणि गुडघा गेल्यावर मातीतली कुस्ती संपली. आता घरी जाऊन काय सांगायचं, या धास्तीत असताना ठरवलेल्या कुस्त्यांचा खेळ करणाऱ्या एका कंपनीनं मला ठेवून घेतलं. चहूबाजूंनी दोर, आत गाद्या, जिंकणार कोण ते आधीच ठरलेलं. मार मात्र खरा लागतो.

तिथं मला पडायला शिकवलं ते देगलूरच्या भाईंनी. त्यांच्या घरी गाद्या-रजया भरायचं काम पिढ्यांचं; आमच्या रिंगच्या गाद्याही तेच शिवायचे. तेही मूळचे मातीतलेच. खेळ नसला की मी त्यांच्या घरी राहायचो, त्यांच्या अम्मींच्या हातचं जेवायचो. आणि रिंगमध्ये ते माझे वैरी.

लातूरच्या खेळात मी हरायचं आणि नांदेडला बदला घ्यायचा, असं ठरलं होतं. मधल्या दिवसांत मोबाइलवर बदल्याची मुलाखत काढून गावोगावच्या ग्रुपवर सोडायची, म्हणजे नांदेडला गर्दी होते. लातूरचं झाल्यावर कंपनीच्या मालकांनी नायगावात टेम्पोच्या सावलीत मला उभं केलं आणि आधीच बजावलं, "आज जमलं तर ठीक. न्हाई तर नांदेडला दुसरा उभा करतो. तू मग गावाकडं जायला मोकळा."

मी सुरू केलं. बोट नाचवलं, दात खाल्ले, रक्त पिईन म्हणालो. भाई बाजूला बसून फाटलेली गादी शिवत होते. सुई न थांबवता त्यांनी विचारलं, "कोणाचं रक्त पिऊन राहिलास?"

"तुमचंच, भाई."

"सकाळी चहा बी धड पिला न्हाईस."

मालक हसले नाहीत. मी पुन्हा केलं. लातूरला यांनी मागून खुर्ची मारली, दगा केला, असं ओरडून सांगितलं. मालक म्हणाले, "बाजारात मलम विकणारा बोलतो तसं वाटायलंय."

भाईंनी सुई गादीत टोचून ठेवली. "खुर्चीचं सोड. ती कुठं मारायची ते आपण दोघांनीच ठरवलं. त्याचा राग तुला येईल कसा? माझी खरंच कुठली गोष्ट लागली तुला, ती सांग."

"कायबी नाही, भाई."

"झूट. एका ताटात जेवतो आपण. कायबी न्हाई, असं हुतं का?"

होती एक गोष्ट. मातीत जिंकणारा पैलवान हरलेल्याला हात देऊन उठवतो आणि त्याच्या पाठीची माती झटकतो. त्यात मान असतो. लातूरला मी पडल्यावर भाईंनी जुन्या सवयीनं मला उठवलं आणि पाठ झटकली. पण गादीवर माती कुठली? पाठ माझी स्वच्छ. कोणीतरी हसलं, मग सगळी गर्दीच हसली. पुढच्या रांगेत माझे तालमीतले वस्ताद बसले होते. त्यांनी मान खाली घातली. हे काही आमचं ठरलेलं नव्हतं. भाईंनी मायेनं केलं हे कळत होतं, म्हणून मी गप्प राहिलो. ज्यांच्या घरी जेवतो त्यांना काय बोलायचं?

मालकांनी मोबाइल धरला. मी भाईंकडं बघूनच बोललो.

"खुर्ची मारली, मारली. पाठ लागली, हरलो, हे खरं. खुर्ची नसती तरी लागली असती. पण माझ्या पाठीला माती नव्हती, भाई. तुम्ही झटकली. समोर माझे वस्ताद होते. लोक हसले ते त्यांनी ऐकलं. नांदेडला या."

एवढंच. आवाज चढवायचं सुचलंच नाही.

"बदला घ्यायचा आन अहो-जाहो करायचं?" मालक कुरकुरले. मग त्यांनी ते पुन्हा लावून बघितलं. इकडच्या लोकांचं आयुष्य कुस्त्या बघण्यात जातं. हरलेला सबबी सांगायला लागला की ते उठून जातात, हे मालकांना माहीत होतं; मी सबब सांगितली नव्हती. "ऱ्हाऊ दे," ते म्हणाले. "ह्योच व्हिडिओ पाठवतो. नांदेडला तूच."

जीव भांड्यात पडायला हवा होता, पण भाई अजून माझ्याकडं बघत होते.

"हे खरं हाय?"

"हाव."

"तवाच का बोलला न्हाईस?"

भाईंनी माफी वगैरे मागितली नाही. उठले, मालकांना म्हणाले, "माझं उत्तर बी आत्ताच घ्या," आणि मोबाइलसमोर उभे राहिले.

"झटकली. ज्याच्या पाठीला मातीच लागत न्हाई, त्यो पैलवान कसला? नांदेडला बी झटकीन."

नांदेडचा निकाल मला माहीत होता. माझ्या गुडघ्याला शेक द्यायला हेच भाई रोज वीट तापवतात, हेही माहीत होतं. तरी माझे कान तापले आणि मूठ आवळली गेली.

भाई परत गादीशी येऊन बसले. "उत्तर बराबर बसलं का?"

"बसलं. पण जरा वेळ माझ्याशी बोलू नका."

"न्हाई बोलत," ते म्हणाले, आणि ताणून धरायला गादीचं दुसरं टोक माझ्याकडं सरकवलं.