विसावी मुलगी

आमच्या कॉलेजात इंग्रजी विभाग म्हणजे दोन टेबलं, एक कपाट आणि दोन बायका. त्यातली एक मी. दुसरी माझीच जुनी विद्यार्थिनी, आता सहकारी. मी कायम नोकरीतली, ती तासिका तत्त्वावर. म्हणजे जेवढे तास घेतले तेवढाच पगार, आणि वर्गच भरला नाही तर तासही नाहीत. आम्ही दोघी रोज एकत्र डबा खातो, पण या विषयावर कधी बोलत नाही.

ती इंग्रजीकडे कशी आली, हे मी ऐकेल त्याला सांगत आले आहे. बारावी झाल्यावर ती वडिलांना घेऊन माझ्याकडे आली होती. वडील खडकीच्या दारूगोळा कारखान्यात कामाला. मुलीने कॉमर्स घ्यावं, एवढीच त्यांची इच्छा. मुलगी खाली मान घालून उभी. मी तिच्याशी अर्धा तास बोलले आणि तिने इंग्रजी घेतलं. पुढे एम.ए. केलं, नेट पास झाली. कुणाच्याही निरोपसमारंभात मला माइक मिळाला की ही हकिगत निघायचीच. ती शेजारी बसून हसायची.

यंदा मार्च संपता संपता आमच्यावर वेळ आली. नव्या पद्धतीत मुलं पहिल्या वर्षी तीन विषय सारखेच शिकतात. दुसऱ्या वर्षाला त्यातला एक मेजर म्हणून निवडायचा, एक मायनर, तिसऱ्याला रामराम. पदवी मेजरची मिळते. वरून फतवा आला की ज्या विषयाला वीस मुलं मिळणार नाहीत, तो मेजर म्हणून बंद. मायनरचे तास माझ्या एकटीला कसेबसे पुरले असते. तिच्यासाठी काहीच उरलं नसतं.

प्राचार्यांनी सगळ्या विभागांना सभागृहात टेबलं मांडून बसवलं आणि आपापल्या विषयाचं महत्त्व पटवून द्यायला सांगितलं. मंडईत बसावं तसे आम्ही ओळीने बसलो. मंडईतल्या बायकांचं तरी बरं, गिऱ्हाईक फार घासाघीस करायला लागलं तर पुढं हो म्हणून सांगता येतं. भूगोलवाल्यांनी टेबलावर चॉकलेटं ठेवली होती. पीएच.डी. करून मी इथवर पोचले, याचं मला मोठं कौतुक वाटलं.

माझ्या सहकारिणीला मात्र यात काही वावगं वाटत नव्हतं. ती प्रत्येक मुलीला बसवून सांगायची, तिसऱ्या सत्रात नाटक आहे, चौथ्यात कादंबरी, आणि पाचव्यात भाषांतर. भाषांतराचा पेपर तिने स्वतः आखला होता. घरातल्या एखाद्या माणसाने सांगितलेली हकिगत मुलांनी जशीच्या तशी उतरवून आणायची आणि सत्रभर ती इंग्रजीत बसवत राहायचं. जवळच्या वाघोलीत ज्यांच्या शेतांवर बारा-बारा मजले चढलेत, त्या घरांमधून काय काय हकिगती येतील, याचा विचार करूनच तिचे डोळे चमकायचे. हा पेपर तिने अजून एकदाही शिकवला नव्हता.

गुरुवारपर्यंत एकोणीस मुली झाल्या. शुक्रवारी दुपारी ती सभागृहात होती, मी विभागात एकटी, आणि विसावी दारात उभी राहिली.

मुलगी वाघोलीचीच, शेतकऱ्याच्या घरची. वर्षभर वर्गात तोंड उघडलं नव्हतं तिने, पण पेपर स्वच्छ लिहायची. मी तिला बसवलं.

"मॅडम, इंग्लिश मेजर केलं की बोलता येतं ना?"

"कुणाशी?"

"कुणाशी पण. आमच्या इथं नवीन सोसायटी हाय, तिच्या ऑफिसात माणसं घ्यायलेत. मी गेले होते मुलाखतीला. मॅनेजरनं इंग्लिशमधून काहीतरी विचारलं, मी गप. पप्पा म्हणले, पदवीच इंग्लिशची घे, म्हंजे फाडफाड बोलशील."

मला फक्त हो म्हणायचं होतं. फॉर्म तिच्या हातातच होता. मी हो म्हटलं असतं तर ते अगदीच खोटंही ठरलं नसतं. तीन वर्षं इंग्रजी कानावर पडून कुणाचं काही वाईट होत नाही. पण मला डोळ्यांसमोर दिसत होतं. दोन वर्षांनी हिला शोकांतिकेची व्याख्या तोंडपाठ येईल, आणि सोसायटीत पाण्याच्या टँकरवरून इंग्रजीत भांडण लागलं की ही पुन्हा गप्प बसेल.

"तुला कविता आवडतात का गं?" मी विचारलं.

ती प्रामाणिकपणे विचार करत राहिली. "तुम्ही सांगितलं की कळतात मॅडम. आधी नाय कळत."

"मग आवडतं काय?"

"अर्थशास्त्र. ते वाचायला कुणी लागत नाय मला."

मी कोरा कागद ओढला. अर्थशास्त्र मेजर. इंग्रजी मायनर. दर सत्रात विषयाबाहेरचा एक छोटा पेपर घेता येतो, तिथे संभाषणाचा. सुट्टीत प्रात्यक्षिक म्हणून त्याच सोसायटीच्या ऑफिसात बिनपगारी का होईना, बसायचं आणि ऐकायचं. कुठल्या सत्रात अभ्यास जड जाईल, कुठे हात मोकळा राहील, सगळं मी तिच्यासमोर मांडत गेले. खरं सांगायचं तर मजा येत होती. आपल्या पोरीचं आखावं तसं आखत होते. माझ्या सहकारिणीचे तास आठवले नव्हते तोपर्यंत ठीक होतं.

"थँक्यू मॅडम," ती उठताना म्हणाली. "सभागृहात सगळे म्हणतात, आमचाच घे. असं कुणी सांगितलंच नाय."

ती गेली, आणि एकोणीस एकोणीसच राहिले. संध्याकाळी सहकारिणीने विचारलं, "कुणी आलं होतं का?" मी म्हटलं, "एकजण आली होती, तिचं अजून नक्की नाही." शनिवार-रविवार मी स्वतःची समजूत घालत बसले. एकच तर मुलगी. सोमवारी दुसरी कुणीतरी येईल, वीस होतील, कुणाला काही कळायचं कारण नाही.

सोमवारी आल्या. एकदम सहाजणी. दार माझ्या सहकारिणीने उघडलं.

"मॅडम आहेत का? तिला आखून दिलंय ना, तसं आमचं पण आखून पाहिजे."

"कुणाला काय आखून दिलं?" तिने विचारलं.

त्यांनी सगळं सांगितलं. शुक्रवारच्या बसमध्ये त्या मुलीने सगळ्यांना सांगितलं होतं की इंग्लिशच्या मॅडम एकदम खरं सांगतात. आपल्याला नक्की काय करायचंय ते आधी विचारतात, मग विषय सांगतात. त्या मुलीचा मला असा राग आला! वर्षभर तोंड न उघडणारी पोर, आणि उघडलं ते नेमकं इथे. दारातल्या सहापैकी पाचजणी आमच्या एकोणिसातल्या होत्या. धरणीने पोटात घेतलं तर बरं, असं पुस्तकात वाचलं होतं, ते त्या सकाळी कळलं.

सहकारिणीने माझ्याकडे पाहिलं. मग तिने मुलींना आत घेतलं, आपल्या टेबलासमोर खुर्ची ओढली आणि म्हणाली, "दोन रांगा करा, नाहीतर मॅडमना जेवायलाही मिळायचं नाही."

आणि खरंच, दुपारपर्यंत आम्ही दोघी दोन टेबलांवर मुलींना इंग्रजीतून बाहेर काढत होतो. मी माझ्यासमोरच्या मुलीशी बोलत होते, पण कान तिकडेच होते. बालवाडीत शिकवायचंय म्हणणारीला तिने मानसशास्त्राकडे पाठवलं. पोलीस भरतीवालीला राज्यशास्त्राकडे. घाई नाही, त्रागा नाही. एकीने सांगितलं, मला गोष्टी वाचायला आवडतात, पुढचं काही ठरवलं नाही. तिला ती म्हणाली, "तू मग इथेच राहा." क्षणभर तिचा आवाज बदलला आणि मी माझ्यासमोरच्या मुलीला तेच वाक्य दोनदा सांगितलं.

बातमी पसरली तशा आणखी आल्या. जेवणाच्या सुट्टीपर्यंत एकोणिसातल्या अकरा उरल्या. मेजर गेलं होतं. हे मोजून बघायची गरज नव्हती, तरी तिने मोजलं.

आम्ही डबे उघडले. बाहेर नगर रस्त्यावर हॉर्न वाजत होते. तिने मेथीची भाजी माझ्या डब्याच्या झाकणात वाढली, रोजच्यासारखी.

"तुला राग आला असेल," मी म्हटलं.

"दार उघडलं तेव्हा आला होता."

"मी त्या पोरीला हो म्हणायला हवं होतं. एक अक्षर तर होतं."

ती पोळी मोडत राहिली. मी पुढे बोलत सुटले, "मला कळतच नाही मी असं का केलं. तुला मी इंग्रजीत आणलं, तुझ्या वडिलांशी वाद घालून आणलं, आणि आता तुझ्या पोटावर पाय येतोय तर या पोरींना..."

तिने घास खाली ठेवला. "मॅडम, तुम्ही नाही आणलंत."

"म्हणजे?"

"तुम्ही ती गोष्ट सगळ्यांना सांगता, म्हणून मी कधी मध्ये बोलले नाही. तुम्हाला इतकी आवडते ती." ती जरा हसली. "त्या दिवशी तुम्ही बाबांच्या बाजूने होतात. मला म्हणालात, कॉमर्स घे, इंग्रजी काय घरी बसूनही वाचता येतं. कागद घेऊन तिन्ही वर्षांचं आखून दिलं होतंत, अगदी शुक्रवारसारखं. बाबा बसमध्ये किती खूश होते! मी दुसऱ्या दिवशी एकटी आले आणि फॉर्म भरून गेले."

मी आठवून पाहिलं. तिचे वडील आठवले, तिची खाली घातलेली मान आठवली. मी काय बोलले, ते मात्र आठवेना. इतकी वर्षं माइक हातात घेऊन मी जे सांगत होते, त्यातलं तेवढंच खोटं होतं.

"मग काल-परवा मी काय वेगळं केलं?" मी विचारलं.

"काहीच नाही," ती म्हणाली आणि डब्याला झाकण लावलं. तिचा पुढचा तास होता. "या मुलींनी ऐकलं."