समुद्राकाठी मामांचा कूलर

देवाखालोखाल हवेवर विश्वास ठेवणारा माणूस अख्ख्या नागपुरात एकच, आणि तो नेमका आमच्या नात्यात. माझ्या आईचे हे मावसभाऊ, म्हणून मी त्यांना मामा म्हणते. पण आमच्या चर्चमधल्या लहानथोरांचे, अगदी पाळकसाहेबांचेसुद्धा, ते मामाच. धंदा कूलर दुरुस्तीचा. कुणाच्याही घरी गेले की सलाम करण्याआधी ओलं बोट वर धरून उभे राहणार, हवा कुठून येते ते बघणार आणि मगच बसायची जागा ठरवणार. माझ्या लग्नाच्या वेळी ते सासरचं घर बघून आले, तेव्हा आईनं मुलगा कसा वाटला म्हणून विचारलं. "पोरगा चांगला आहे," मामा म्हणाले, "पण घर पश्चिमेले तोंड करून आहे. मे महिन्यात पोरगी भाजून निघते." पुढं माझी आणि नवऱ्याची जी काही भांडणं झाली, ती सगळी उन्हाळ्यातल्या दुपारी झाली, हे मला कबूल केलं पाहिजे.

ईस्टरच्या आधीच्या, झावळ्यांच्या रविवारी बाकीची मंडळी हातात झावळ्या घेऊन गात असायची, तेव्हा मामांचे डोळे खिडक्यांतल्या चार कूलरवर. उपासना संपली रे संपली की पँट गुडघ्यापर्यंत दुमडून ते वाळ्याच्या नव्या ताट्या बसवायला घेत. पाणी सुरू झालं की तो वास बाकाबाकावरून फिरायचा. अजूनही ईस्टर म्हटलं की मला फुलांचा नाही, ओल्या वाळ्याचा वास येतो. आता तिथं एसी लागलेत. गारवा आहे, वास नाही. मामांची प्रार्थनाही त्यांच्यासारखीच. "प्रभू, तू तं वरून पाहूनच राहिला. लेकरं तापून राहिले. जरा वाऱ्याचं पाहा." एवढं बोलून खाली बसत.

आणखी एक गंमत म्हणजे मामांकडे पासपोर्ट होता. कुठं जायचं नव्हतं, कुणी बोलावलं नव्हतं, तरी होता. मुदत संपली की ते नवा काढत. मी एकदा विचारलं तर म्हणाले, "प्रभूचं बोलावणं आलं अन् कागदापायी राहून गेलो, असं नको वं पोरी."

आणि बोलावणं आलं! आमच्या चर्चचा एक छोटा गट दहा दिवसांच्या सेवेसाठी श्रीलंकेला निघाला होता, समुद्राकाठच्या एका वृद्धाश्रमात. पाळकसाहेब, एक डॉक्टरबाई आणि दोन शिक्षक. त्यातल्या एका शिक्षकाचा ऐनवेळी पाय मोडला, आणि तयार पासपोर्ट असलेले उरले ते एकटे मामा. मामांना इंग्रजी येत नव्हतं, गळा नव्हता, प्रवचनाचं तर नावच नको. तिथं काय कराल, असं पाळकसाहेबांनी विचारलं तेव्हा ते ऐटीत म्हणाले, "म्हाताऱ्यांले थंडी हवा देतो." निघायच्या रविवारी सगळ्या मंडळींनी त्यांच्या डोक्यावर हात ठेवून प्रार्थना केली. बाहेर आल्यावर त्यांनी माझा हात धरला. "सगळे मिळून पाठवून राहिले मले. आजवर कुणी कुठं पाठवलं नाई. कामाचा निघालो पाह्यजे वं." माझ्या लग्नातसुद्धा मी त्यांना इतकं घाबरलेलं पाहिलं नव्हतं.

सामानात दोन सदरे, एक बायबल, कूलरची मोटर, पंप आणि वाळ्याची गुंडाळी. तिथल्या विमानतळावर अधिकाऱ्यानं वाळा हुंगला, परत हुंगला आणि हसून सोडून दिलं. मामांना वाटलं, अर्धी लढाई जिंकली. दोन दिवसांत त्यांनी गावातून पत्रा मिळवून कूलर उभा केला आणि म्हाताऱ्यांच्या खोलीच्या खिडकीत बसवला. तासभर सगळे खूश. मग भिंती ओलावल्या, चादरी दमट झाल्या, म्हातारेकोतारे घामानं निथळायला लागले. आपल्याकडे कूलर गार करेना की माणूस काय करतो? आणखी पाणी टाकतो. मामांनी बादल्यांवर बादल्या ओतल्या, मोटर तीनदा खोलली, तीनदा लावली. शेवटी डॉक्टरबाई म्हणाल्या, "मामा, इथली हवा आधीच ओली आहे. तिला हा कूलर काय गार करणार?"

मामा त्या दिवशी जेवले नाहीत. पुढं मला म्हणाले, "पोरी, जिंदगीभर मी समजत होतो का थंडं मीच करून राहिलो. थंडं तं आपली नागपूरची कोरडी हवा करत होती. मी नुसतं पाणी टाकत होतो." हे सांगताना ते हसले, पण मला काही हसू आलं नाही.

उरलेले सात दिवस त्यांच्या हाताला काम नव्हतं. मग त्यांनी ताट्या सोडवल्या, वाळा कापून त्याचे हातपंखे बांधले आणि सगळ्यांना वाटले. कोपऱ्यातल्या एका म्हाताऱ्या बाईचे हात वाकडे झालेले, तिला पंखा धरवेना. मामा रोज दुपारी तिच्या पलंगाशेजारी खुर्ची टाकून तिला वारा घालत बसले. ती तमिळमध्ये काहीतरी सांगायची, हे "हो ना बाई, खरं आहे" म्हणायचे.

परत आल्यावर चर्चमध्ये साक्ष द्यायची असते, म्हणजे तिथं काय घडलं ते सगळ्यांपुढं सांगायचं. डॉक्टरबाई छान बोलल्या, शिक्षक बोलले. मग मामा उठले. "मी कूलर बसवला. त्यानं म्हाताऱ्यांले घामोळं आलं. बाकीचे दिवस एका बाईले हवा घातली. तिचं नावबी मले विचारता नाई आलं. तुमी मोठ्या आशेनं पाठवलं, मी कामाचा नाई निघालो. माफ करा." त्यानंतर मामा मागच्या बाकावर बसायला लागले. पासपोर्टची मुदत संपली तर तोही त्यांनी तसाच राहू दिला.

वर्षभरानं वृद्धाश्रमातून पत्र आलं. पाळकसाहेबांनी ते उपासनेत वाचलं. सगळ्यांची खुशाली होती आणि शेवटी लिहिलं होतं की, तुमचे ते पंखेवाले गृहस्थ गेल्यापासून कोपऱ्यातल्या आजी रोज दुपारी पलंगाशेजारी खुर्ची ठेवायला लावतात, आणि त्यावर दुसऱ्या कुणाला बसू देत नाहीत.

सगळ्यांच्या माना मागं वळल्या. मामांनी उभं राहून भर उपासनेत विचारलं, "खुर्ची कोणत्या अंगाले ठेवते? खिडकीच्या अंगाले पाह्यजे. समुद्राची हवा तिकडूनच येते." मंडळी हसली. मामा हसत नव्हते. ते उत्तराची वाट बघत होते.

त्याच आठवड्यात त्यांनी नव्या पासपोर्टचा अर्ज भरला. पासपोर्ट आला, पण तोवर त्यांचे पाय गेले. आता ते मुलीकडे असतात. कोरा पासपोर्ट उशाखाली, हातात पंखा धरवत नाही. मी शिकवते ती शाळा सुटली की मी दुपारी तिथं जाते. खोलीत त्यांनीच बांधलेला कूलर झकास चालू असतो, पंख्याची काही गरज नसते. तरी मी वाळ्याचा पंखा घेते, खुर्ची खिडकीच्या अंगाला ओढते आणि बसते.

"हवा येऊन राहिली का वं?" मामा डोळे मिटूनच विचारतात.

"येऊन राहिली, मामा."