अंग बाहेर आलेली कोंबडी

त्या रविवारी सकाळी खुराडं उघडलं तरी तांबडी कोंबडी बाहेर येईना. पिसं फुलवून ती कोपऱ्यात बसली होती आणि बाकीच्या कोंबड्या तिच्या मागच्या बाजूला चोची मारत होत्या. मी तिला उचललं. शेपटीखाली लिंबाएवढा लाल, ओला गोळा लोंबत होता. त्याला माती चिकटली होती आणि चोचींनी थोडं रक्तही आलं होतं.

कोंबड्या माझ्या सासूबाईंच्या. त्यांना मी आत्या म्हणते. सासरे गेल्यावर उजनीच्या काठचं गाव सोडून त्या आमच्याकडे सोलापुरात राहायला आल्या, त्या कोंबड्यांचं डालगं घेऊनच. मी शाळेत क्लार्क आहे. तोवर माझा कोंबड्यांशी संबंध अंडी फोडण्यापुरता.

आत्यांनी एकदा बघितलं आणि मान हलवली. "आंग आलंय तिचं. आता काय जगत न्हाय. कापून टाका."

नवऱ्याचंही तेच म्हणणं. दुपारच्या आत नाक्यावरच्या दुकानात नेऊन देतो म्हणाला. मी नाही म्हटलं. अंडी देऊन देऊन जिचं अंग बाहेर पडलं, तिलाच कापायचं, हे मला काही केल्या पटेना.

शाळेतल्या एका शिक्षकांकडून जनावरांच्या डॉक्टरांचा नंबर मिळवला. डॉक्टर टेंभुर्णीला लग्नात होते, मागे बँड वाजत होता. तरी त्यांनी सगळं ऐकून घेतलं. गोळा काळा पडलाय का, आत अंडं अडकलंय का, ते आधी बघायला सांगितलं. तसं काही नसेल तर कोमट पाण्याने धुवायचं, सूज उतरायला वर साखर घालून थोडं थांबायचं, मग तेलाच्या बोटाने हळूहळू आत सारायचं. नंतर अंधारात एकटी ठेवायची, म्हणजे अंडी देणं थांबेल. जमेलच असं नाही, पण करून बघा, म्हणाले.

गोळा लालच होता. आत अंडंही लागत नव्हतं. मी मेडिकलमधून हातमोजे आणले, साखरेचा डबा घेतला. कुणीतरी कोंबडी धरायला हवी होती. नवरा "मला नाही बघवत" म्हणून उठून गेला. आत्या पदर खोचून मोरीपाशी येऊन बसल्या. कोंबडीला जुन्या टॉवेलात गुंडाळून त्यांनी मांडीवर घट्ट धरलं.

धुतल्यावर गोळा स्वच्छ गुलाबी दिसायला लागला. साखर विरघळून पाणी ठिबकू लागलं तसा तो थोडा आकसला. मी बोटाला खोबरेल लावलं आणि कडेकडेने आत सारायला सुरुवात केली. कोंबडी जोर करून पुन्हा बाहेर ढकलायची. मग मीही जरा जोर लावला.

"लई दाबू नगंस," आत्या म्हणाल्या. "दुकतं ते." मग थोड्या वेळाने, आवाज खाली आणून, "मलाबी हाय की."

माझं बोट तेव्हा कोंबडीच्या आत होतं. काढलं असतं तर सगळं पुन्हा बाहेर आलं असतं. म्हणून मी वर बघितलं नाही, आणि कदाचित त्यामुळेच त्या बोलत राहिल्या. धाकट्या मुलाच्या बाळंतपणानंतर लगेच त्या उसाच्या कामाला लागल्या होत्या. तेव्हापासून अंग खाली येत होतं. अंघोळीच्या वेळी आपल्या हाताने आत सारायच्या. अलीकडे चालताना ठणकायचं. सासऱ्यांनाही कधी सांगितलं नव्हतं.

"सांगायचं कुनाला? आन् काय म्हनून?"

गोळा आत गेला. बोट मी बराच वेळ तसंच ठेवलं. मग कोंबडीला अडगळीच्या खोलीत खोक्यात ठेवून वर पोतं टाकलं. संध्याकाळी बघितलं तर पुन्हा बाहेर. पुन्हा धुतलं, पुन्हा साखर, पुन्हा तेल. दुसऱ्या दिवशी शाळेत जाण्याआधी तेच. आता आत्या न बोलावता टॉवेल घेऊन बसत. हळूहळू गोळा लहान होत गेला आणि एका सकाळी बाहेर आलाच नाही.

त्या दिवशी मी शाळेत रजा सांगितली आणि आत्यांना म्हटलं, लुगडं बदला, आपल्याला दवाखान्यात जायचंय. त्या तयार होईनात. या वयात कुणाला काय दाखवायचं, गेलं तसं आयुष्य जाईल, म्हणाल्या. मी तिथेच खाली बसले.

"आत्या, कोंबडीसाठी मी लग्नातल्या डॉक्टरांना फोन केला. तुमच्यासाठी तर बाई डॉक्टर दवाखान्यात बसल्यात."

त्या गुडघ्यावर हात टेकून उठल्या. मग चप्पल शोधायला लागल्या.

डॉक्टरबाईंनी तपासून ऑपरेशन सांगितलं. नवऱ्याला मी सगळं सरळ सांगितलं. आईला एवढी वर्षं काय होत होतं ते ऐकून तो खाली मान घालून बसला, आणि ऑपरेशनच्या दिवशी दवाखान्यातून हलला नाही.

कोंबडी पुन्हा अंगणात फिरते. अंडी क्वचित देते, तीही लहान. दाण्यात आम्ही अंड्याची टरफलं कुटून घालतो. परत तसं होऊ शकतं हे डॉक्टरांनी सांगितलंय, त्यामुळे शेपटीखाली बघितल्याशिवाय तिला खुराड्यात सोडत नाही.

आत्या दवाखान्यातून घरी आल्यावर गावाकडून त्यांच्या जाऊबाई भेटायला आल्या. चहा झाल्यावर आत्यांनी मला खोलीचं दार ओढून घ्यायला सांगितलं. आत दोघी हळू आवाजात बोलत होत्या. बऱ्याच वेळाने आत्या दारात आल्या आणि मला विचारलं, "त्या डॉक्टरबाई कधी बसत्यात गं?"