अक्काची शिडाची गाडी

‘हे होणंच शक्य नाही’ असं कुणी म्हटलं की अक्काच्या नाकपुड्या थरथरत. मग समोर कोण आहे हे ती पाहत नसे. आमच्या कॉलेजात ती पदार्थविज्ञानाच्या प्रयोगशाळेत सहायक होती, मी नवा लेक्चरर. हेब्बाळला आमची घरं शेजारी, म्हणून ती अक्का.

एकदा ती म्हणाली, शिडाची होडी वाऱ्यापेक्षा जोरात जाऊ शकते. विभागप्रमुख हसले. “वारा ढकलणार आणि होडी त्याच्याच पुढे पळणार? डिग्री नसली की असं सुचतं.”

अक्कानं बेसिनवरची ओली साबणाची वडी चिमटीत दाबली. ती सटकून त्यांच्या बुटापाशी पडली. “बोटं किती हळू मिटली, सर? वडी किती जोरात गेली? होडीला एका बाजूनं वारा दाबतो, दुसरीकडून पाणी अडवतं. ती मधून तिरपी निसटते.”

“साबण उचला,” प्रमुख म्हणाले. तिनं उचलला नाही.

चिकपेटहून तिनं बेअरिंगं आणली, पातळ प्लायवुडचं शीड कापलं, चार चाकांवर उभं केलं. देवनहळ्ळीजवळच्या एका लेआउटमध्ये घरं अजून यायची होती, डांबरी रस्ते मोकळे होते. आडव्या वाऱ्यात तिनं गाडी आणि रुईची म्हातारी एकदमच सोडली. म्हातारी तरंगत रस्ता ओलांडेपर्यंत गाडी दुप्पट अंतर कापून गेली होती. अक्का हसली नाही. “पाहिलंस ना?” एवढंच म्हणाली.

विज्ञान प्रदर्शनात प्रमुखांनी तीच गाडी पाहुण्यांना दाखवली. “कल्पना माझी. खिळे आमच्या स्टाफनं ठोकले.” अक्का दारात उभी होती. माझी नोकरी पुढच्या महिन्यात कायम व्हायची होती. मी कार्यक्रमपत्रिका वाचत राहिलो.

संध्याकाळी तिच्याकडे गेलो. “सरळ चोरी केली त्यांनी, अक्का.”

“तो चोर आहेच. त्याच्यावर रागवायला मला वेळ नाही. तू दुसऱ्या रांगेत बसला होतास.”

मी नोकरीचं सांगितलं. “सरी, ठीक आहे,” म्हणाली आणि दार लावून घेतलं. पुन्हा कधी बोलली नाही. पुढे मी घर बदललं. गेल्या वर्षी ती वारली, तेही मला दुसऱ्याकडून कळलं.

प्रमुख केव्हाच निवृत्त झाले. गाडी काचेच्या कपाटात, खाली त्यांच्या नावाची पाटी. परवा संतापून मी ती पाटी उचकटली आणि प्राचार्यांच्या टेबलावर आपटली. सगळं सांगितलं. त्यांनी पुरावा विचारला.

“मी स्वतः तिथं होतो.”

ते शांतपणे म्हणाले, “मग इतकी वर्षं बोलला का नाहीत?”